मेंदूचा तट आणि औषधाची वाट

गेल्या मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर येऊन बसला. वर्गांत असतांना प्रश्न विचारून हा आम्हांस भंडावून सोडी. त्या दिवशीं मात्र बराच वेळ कांहीं बोलेना. अखेर म्हणाला, “गुरुजी, दादाच्या मेंदूंतली गांठ पुण्यास काढली. तिचें नांव ग्लायोब्लास्टोमा. आतां एका गृहस्थाचा निरोप आला आहे कीं, सूक्ष्म कणांचें नवें इंजेक्शन निघालें आहे, तें थेट मेंदूंत शिरतें. खर्च कांहीं लाखांचा. विहिरीजवळचा तुकडा विकावा काय, एवढेंच विचारावयास आलों.” मग थोडें थांबून त्यानें जो प्रश्न केला, तो त्याच्या शाळकरी वयास शोभणारा होता: “औषध रक्तांत जातें, रक्त मेंदूंत जातें, मग औषध मेंदूंत कां जात नाहीं?”

आम्ही वैद्य नव्हे. शब्दरूपें घोकून घेण्यांत आमचा जन्म गेला. तथापि प्रश्न बिनतोड होता, आणि जमिनीचा तुकडा खरा होता. म्हणून आठ-दहा दिवस वाचन केलें, डॉक्टर झालेल्या दोघां विद्यार्थ्यांस विचारून घेतलें, आणि जें उमजलें तें येथें देत आहों. असा निरोप उद्यां कोणाच्याहि घरीं येऊं शकतो.

परंड्याच्या माणसास याचें उत्तर समजण्यासाठीं लांब जावें लागत नाहीं. आमच्या भुईकोट किल्ल्यास बाहेर खंदक आहे आणि आंत दुहेरी तट. शरीरांत इतरत्र केशवाहिन्यांच्या भिंतींतून औषधाचे कण बऱ्याच सुलभतेनें झिरपतात. मेंदूंतील केशवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींस इतक्या घट्ट सांधलेल्या असतात कीं, मध्यें फट म्हणून राहत नाहीं. प्राणवायु जातो, चरबींत विरघळणारे कांहीं लहान रेणु जातात, साखरेसारख्या गरजेच्या पदार्थांना ठराविक दारें आहेत, बाकीच्यांस मज्जाव. लहान रेणूंच्या औषधांपैकींहि शेंकडा सुमारें ९८ हा तट ओलांडीत नाहींत असें जाणकार सांगतात. मोठ्या रेणूंची तर गोष्टच नको. हा तट वैरी नव्हे. रक्तांतून हिंडणाऱ्या विषांपासून तोच आपल्या बुद्धीचें रक्षण करितो. आजारांत मात्र तो वैद्यालाहि चोर समजतो.

ही गोष्ट कळली तीहि मोठ्या गमतीनें. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं जनावरांच्या रक्तांत रंग टोंचला. सारे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा असें त्यानें ठरविलें. १९१३ सालीं त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन यानें रंग मेंदूभोंवतालच्या द्रवांत घातला, तों मेंदू रंगला आणि बाकीचें शरीर कोरें! शिष्यानें गुरूचें अनुमान खोडून काढावें, यासारखा आनंद आमच्या धंद्यांत दुसरा नाहीं. असो.

येथें आमच्या विद्यार्थ्यानें पुन्हा अडविलें: “गांठ म्हणजे तट फुटलेलाच कीं! मग औषध शिरेल.” अर्धें खरें आहे. गांठीच्या गाभ्यांत तट ढासळलेला असतो. परंतु गाभा शस्त्रवैद्य कापून काढितो. त्याच्या हातून निसटलेल्या ज्या पेशी भोंवतालच्या निरोगी मेंदूंत विखुरलेल्या असतात, त्यांच्या भोंवतीं तट शाबूत असतो. आणि रोग उलटतो तो बहुधा तेथूनच. सगळी धडपड आहे ती या निसटलेल्यांना गांठण्याची.

एक तोड अशी निघाली कीं, तट ओलांडण्याच्या भरीस न पडतां शिबंदी आंतच ठेवावी. अमेरिकेंत रॉबर्ट लँगर या रसायन-अभियंत्यानें व हेन्री ब्रेम या शस्त्रवैद्यानें विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या, लहान नाण्याएवढ्या चकत्या तयार केल्या. गांठ काढल्यावर जी पोकळी राहते तींत आठपर्यंत चकत्या ठेवून कवटी बंद करावयाची. पुढें दोन-तीन आठवडे त्यांतून कारमस्टीन हें औषध पाझरत राहतें. तेथील सरकारनें १९९६ सालीं, रोग उलटलेल्यांसाठीं, त्यांस परवानगी दिली. कल्पना सुंदर, फळ मात्र बेताचें. नव्या रोग्यांवरील मोठ्या प्रयोगांत मध्यम आयुर्मान ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेलें. कारण औषध चकतीपासून थोडक्याच अंतरापर्यंत पोंचतें. बारीक नळ्यांतून पंपानें औषध मेंदूंत दाबून पसरविण्याचीहि युक्ति निघाली. परंतु २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेंत ती या चकत्यांहून सरस ठरली नाहीं. आपल्याकडील एक नांव येथें सांगावेंसें वाटतें. मुंबईच्या रसायनतंत्र संस्थेचे पदवीधर समीर मित्रगोत्री यांनीं याच लँगर यांच्या हाताखालीं १९९६ सालीं डॉक्टरेट मिळविली, व पुढें औषध पोंचविण्याच्या वाटा शोधण्यांतच नांव कमाविलें.

दुसरी तऱ्हा तटास घटकाभर खिंडार पाडण्याची. रक्तांत वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडून बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर रोखल्या कीं, ते बुडबुडे थरथरतात, सांधे सैल होतात आणि कांहीं तासांनीं आपोआप मिटतात. टोरोंटो येथें २०१५ सालीं मेंदूच्या गांठीच्या रोग्यावर हा प्रयोग प्रथम झाला. आम्हांस यांतच उद्यांची आशा अधिक दिसते. पण आज तो प्रयोगच आहे.

तिसरी तऱ्हा परंडेकरांस लगेच पटेल. १६३४ सालीं शहाजहानचा सरदार महाबतखान आमच्या किल्ल्याचा वेढा उठवून परत गेला. तोच किल्ला १६६० सालीं तोफेवांचून मोंगलांस मिळाला, कारण किल्लेदारच फितला. मेंदूस लोह लागतें, आणि लोह वाहून आणणाऱ्या प्रथिनासाठीं तटावर खास दार आहे. औषधास त्या दारावर ओळख पटेल अशी खूण जोडली, तर द्वारपालच त्यास आंत घेतो. या रीतीनें बनलेल्या एका औषधास जपाननें २०२१ सालीं मान्यता दिली. परंतु तें लहान मुलांच्या एका आनुवंशिक व्याधीवर आहे, गांठीवर नव्हे. सूक्ष्म कणांचीं वाहनें करून त्यांवर अशा खुणा डकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. निरोपांतील “नवें इंजेक्शन” हा शब्द येथूनच उचललेला असावा.

नाकाच्या वाटेवरहि संशोधन आहे. ब्राझीलमध्यें एक औषध रोग्यांस हुंगावयास देऊन पाहिलें. वाग्भटानें नाकास मस्तकाचें द्वार म्हटलें आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पण एवढ्यावरून पूर्वजांस सर्व माहीत होतें म्हणून घरींच नस्य सुरू करणाऱ्यांस आमचा हात जोडून नमस्कार.

मग आज हातीं काय आहे? टेमोझोलोमाइड नांवाची साधी पोटांत घ्यावयाची कॅप्सूल. तिचा रेणु लहान असल्यानें बराचसा तटापलीकडे जातो. २००५ सालीं ५७३ रोग्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले: किरणोपचारास हिची जोड दिल्यानें मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलें, आणि दोन वर्षें जगणारे शंभरांत दहाचे सव्वीस झाले. हे आंकडे आम्ही विद्यार्थ्यास वाचून दाखविले, तेव्हां तो खालीं मान घालून बसला. लपवून ठेवावें असें क्षणभर वाटलेंहि. पण ज्यास जमीन विकावयाची आहे, त्यास आंकडा कळलाच पाहिजे.

जमिनीविषयीं आम्हीं एवढेंच सांगितलें: “अरे, उपचार सिद्ध झालेला असेल तर तुझे डॉक्टरच तो लिहून देतील. सिद्ध व्हावयाचा असेल तर तो प्रयोग. आणि प्रयोगाची नोंद भारताच्या सरकारी नोंदवहींत असावी लागते, तिचा क्रमांक असतो. अशा प्रयोगाचें औषध रोग्याच्या माथीं किंमत मारून विकीत नसतात. उलट इजा झाल्यास भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.” आमच्याच जिल्ह्यांतील ५२ ग्रामसमूहांत १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास झाला. १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे लोक गांवोगांव हिंडले, आणि २००९ सालीं त्याचे निष्कर्ष जगापुढें आले. त्याच्या आईचें नांवहि त्या यादींत होतें. “आईनें तेव्हां किती रुपये भरले होते?” असें आम्हीं विचारलें. तो प्रथमच थोडा हंसला.

त्यानें त्या गृहस्थाकडे नोंदीचा क्रमांक मागितला. दोनदां “पाठवितों” असें उत्तर आलें, मग फोन उचलणें बंद झालें. पुण्याच्या डॉक्टरांस त्यानें स्पष्टपणें विचारलें; त्यांनीं कॅप्सूलच लिहून दिली, आणि योग्य असा प्रयोग सुरू झाला तर कळवूं म्हणाले. सहा आठवड्यांचे किरणोपचार संपले. आतां अठ्ठावीस दिवसांतून पांच दिवस कॅप्सूल, असा दुसरा फेरा चालू आहे. दादांना मधूनच माणसांचीं नांवें आठवत नाहींत. आमचें मात्र आठवलें. विहिरीजवळच्या तुकड्यांत यंदा ज्वारी उभी होती, ती नुकतीच काढली.