स्टेथोस्कोप शिकवता, मग स्क्रीनही शिकवा!

तुमच्या घरात ती पिशवी आहे का? हो, तीच. कापड दुकानाची. आत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि घड्या पडून फाटलेल्या चिठ्ठ्या.

आमच्या आजीची पिशवी कपाटावर असते. मागच्या वर्षी रात्री तिला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं आणि घाईत पिशवी घरीच राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या औषधाची ॲलर्जी?" आजी म्हणाली, "ते पांढरं इंजेक्शन." आता पांढरं म्हणजे कोणतं? बाबा गाडीवर जाऊन पिशवी घेऊन येईपर्यंत आम्ही सगळे नुसते दाराकडे बघत होतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ही पिशवी खूप फिरते. घाटाखालचा पेशंट अकोल्याला, घाटावरचा बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगरला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर आणि तीच कहाणी पहिल्यापासून.

यासाठीच तर २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. १४ आकडी 'आभा' नंबर काढायचा, मग तुमच्या संमतीने एका दवाखान्यातली नोंद दुसरीकडच्या डॉक्टरला दिसेल, अशी ही कल्पना. पण नुसता नंबर काढून काय होणार? आत नोंदच नसेल किंवा चुकीची असेल, तर डॉक्टर बघणार काय?

ही नोंद करणार आपल्याच वयाची मुलं-मुली. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा नवीन सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात आपलं बुलढाणाही होतं, जागा १००. एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषा आणि कॉम्प्युटर मिळून ४० तास ठेवले होते. चांगलंच आहे. पण टायपिंग येणं वेगळं आणि पेशंटची नोंद करता येणं वेगळं.

एकाने 'शुगर' लिहिलं, दुसऱ्याने 'मधुमेह', तिसऱ्याने 'डीएम', तर कॉम्प्युटरला ते तीन आजार वाटू शकतात. कालची नोंद कॉपी-पेस्ट केली, तर कालची चूकही आज पुढे सरकते. मित्राच्या लॉगिनवरून औषध लिहिलं, तर जबाबदार कोण? रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकायचा की नाही? हे कॉम्प्युटर लॅबमध्ये कळत नाही, वॉर्डातच शिकावं लागतं.

आणि प्रश्न एकट्या पेशंटचा नाही. जानेवारी २०२५ मधली शेगाव तालुक्यातली केसगळती आठवते ना? बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं देशभर बातम्यांत होती. एका गावातले पंधरा जण तीच तक्रार घेऊन वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले, तर कागदावर त्या पंधरा सुट्या चिठ्ठ्या. नोंदी नीट आणि एका पद्धतीने झाल्या, तर 'या गावात काहीतरी होतंय' हे लवकर दिसू शकतं.

काही जण म्हणतील, हे काम ऑपरेटरचं. पण पेशंटला काय विचारायचं राहून गेलं, हे ऑपरेटरला कसं कळणार? कोणी म्हणेल, इथे लाईट जाते, नेट नसतं. बरोबर आहे. २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमधली जुनी एचएमआयएस यंत्रणा बंद पडली, तेव्हा पुन्हा पेनच हातात घ्यावा लागला होता. म्हणून कागदही आला पाहिजे. आणि डॉक्टर स्क्रीनकडेच बघत बसले, तर आजी बोलणार कोणाशी? आधी तिच्याकडे बघा, मग टाईप करा, ही सवयही शिकवूनच लागते.

माझं म्हणणं साधं आहे. सरावासाठी खोट्या पेशंटच्या नोंदी द्या. वॉर्डात सिनियरसमोर नोंद करून घ्या. आणि इंटर्नशिप संपण्याआधी त्याची परीक्षा घ्या. नवीन कॉलेजला जुन्या सवयी मोडायच्या नाहीत, उलट पहिल्याच बॅचपासून चांगल्या लावता येतील.

मेडिकलला असाल, तर उद्याच सरांना-मॅडमना विचारा, 'हे आम्हाला कधी शिकवणार?' आणि नसाल, तर या रविवारी घरातली पिशवी खाली काढा. कोणाला कोणतं औषध चालत नाही, ते एका कागदावर लिहा आणि त्याचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा. आमच्या घरी त्या रात्रीनंतर पहिलं काम हेच केलं.