अकबरीची बाजू

'अलीकडे काय वाचलेत, कसे वाटले?' असे आम्ही गेल्या महिन्यात विचारले होते. पत्रे वाचताना आमचीच शिकवणी झाली.

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' अनेकांना आवडले. एका भावाने ते दुकानातल्या पोराला रोज थोडे वाचून दाखवले. गुलामीत जन्मलेला मुलगा पुढे शास्त्रज्ञ झाला, हे ऐकून पोराने रात्रशाळेत नाव घातले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून एक भगिनी लिहितात, "धर्मांतरानंतरची त्या घरातली घालमेल वाचताना आपले-परके विसरले."

मतभेद झाला तो डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'मिरातुल उरूस'वर. १८६९ची ही उर्दू कादंबरी. घर सावरणारी, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवणारी धाकटी बहीण असगरी बहुतेकांना आदर्श वाटली. थोरल्या अकबरीला सगळ्यांनी नावे ठेवली. नववीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "नानीने लाड केले, शिकवले कुणीच नाही. मग दोष एकट्या अकबरीचा कसा?"

वर्गात इतकी वर्षे आम्ही 'असगरीसारख्या व्हा' म्हणत आलो. हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मागच्या बाकाकडे पाहिले. तिथल्या मुलींना आम्ही महिनाभरात एकही प्रश्न विचारला नव्हता.

वाचकहो, पुस्तक आवडले नाही तरी कळवा. का आवडले नाही, तेही लिहा. पोस्टकार्डही चालेल.