कॅलरींचा हिशेब का जुळत नाही?

मोजून फुलके, वाटीने मापून भात, कॉफीत साखर नाही. वहीत रोजची बेरीज तक्त्यातल्या आकड्याच्या आत. तरीही दोन महिन्यांत काटा जागचा हलत नाही! मग घरातलेच कोणीतरी हसत हसत म्हणते, "चोरून खात असशील." जिने इमानाने वही लिहिली, तिला हे बोलणे फार लागते. बहुतेक जणी तिथेच वही फेकून देतात आणि पुन्हा पहिल्यासारखे खाऊ लागतात.

अशा वेळी चूक तिचीच असते असे नाही. पुष्कळदा चूक असते ती तिला दिलेल्या आकड्यात. हे दाखवून देण्यात बंगळूरच्या एका प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

दिवसाला किती कॅलरी लागतात, हे काढताना आधी एक गोष्ट पाहतात. माणूस काहीही न करता नुसता पडून राहिला, तर त्याचे शरीर किती ऊर्जा खर्च करते? हृदय, मेंदू, यकृत, फुप्फुसे यांचे काम तर चालूच असते. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग हाच असतो. प्रत्येकाचा हा खर्च मोजणे शक्य नसल्याने वय आणि वजनावरून तो काढण्याची सूत्रे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या १९८५ च्या अहवालातली सूत्रे जगभर वापरली गेली. त्यांच्यामागे सुमारे ७,००० माणसांची मोजमापे होती. पण त्यातली जवळजवळ निम्मी इटलीतल्या लोकांची, आणि त्यातही तरुण सैनिक व पोलिसांचा भरणा! इटलीच्या जवानाच्या मापाचा कोट मल्लेश्वरमच्या काकूंना घालायचा, तसलाच हा प्रकार.

बंगळूरच्या कोरमंगल भागातल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश शेट्टी, एम. जे. सोआरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांवर प्रत्यक्ष मोजमापे केली. सकाळी उपाशीपोटी माणसाला शांत झोपवून ठेवायचे, त्याच्या श्वासातून किती प्राणवायू खर्च झाला ते पाहायचे आणि त्यावरून ऊर्जा काढायची, अशी ही पद्धत. १९९३ मध्ये भारतीय पुरुष आणि स्त्रिया या दोघांविषयीचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूत्राने दिलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी जास्त निघत होता.

म्हणजे भारतीयांचे शरीर जन्मतःच सुस्त का? तसेही नाही, आणि ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. याच गटाने पुढे १९९८ मध्ये भारतातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. चरबी वगळून उरलेले शरीराचे वजन जमेस धरल्यावर दोघांमधला फरक नाहीसा झाला. शरीर चालते एकसारखेच. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, एवढेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

आपल्याकडचे तक्तेही बदलत आले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१० मध्ये ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला १९०० कॅलरी सांगितल्या होत्या. २०२० मध्ये तोच आकडा १६६० वर आला. फरक २४० कॅलरींचा, म्हणजे जवळपास तीन फुलक्यांचा. जुना तक्ता फ्रीजवर चिकटवून ठेवणाऱ्या गृहिणीने आकडा तंतोतंत पाळला, तरी तिचे वजन कसे उतरावे?

अर्थात, वहीचीही एक बाजू आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली काही लठ्ठ माणसांची तपासणी झाली. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्यक्षात त्यांनी सांगितलेला आहार खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी भरला. ही माणसे खोटे बोलत होती असे मानायचे कारण नाही. नोंद करताना माणसाच्या हातून पुष्कळ सुटते. आपल्या स्वयंपाकघरात काय सुटते? फोडणीचे तेल. छोटा चमचाभर तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात, आणि फोडणीला चमचा वापरतो कोण? चव पाहताना तोंडात गेलेले, मुलांच्या ताटात उरले म्हणून संपवलेले, हेही वहीत येत नाही. दोन चमचे साखर घातलेली फिल्टर कॉफी दिवसातून चारदा झाली, तर नुसत्या साखरेच्याच १६० कॅलरी होतात. मोठ्या साखळी उपाहारगृहांना पदार्थांच्या कॅलरी छापण्याचा नियम आता आहे. पण कोपऱ्यावरच्या दर्शिनीतल्या बेण्णे डोशावर लोणी किती, हे तव्यापुढे उभ्या असलेल्याच्या हातावरच ठरते.

म्हणून कॅलरी मोजायच्याच असतील, तर दोन-तीन आठवडे मोजाव्यात. तेवढ्यात कुठे काय जाते ते कळते. तक्त्यातला आकडा अंदाज म्हणून घ्यावा आणि खरा निकाल वजनकाट्याला व शिंप्याच्या टेपला विचारावा. महिनाभरात काहीच हलले नाही, तर स्वतःला दोष न देता दीड-दोनशे कॅलरी आणखी कमी कराव्यात. बहुधा तेल, साखर आणि भाताचा दुसरा वाढा एवढ्यावर ते जमते. कंबर बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी.

आणि स्नायूंकडे लक्ष द्यावे. लालबागेतली सकाळची चक्कर चांगलीच, पण जिने चढणे, उठाबशा, थोडे वजन उचलणे हवेच. ताटात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे हवे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना कॅलरी मोजायला सांगितलेच नव्हते. भरपूर भाज्या, घरचे अन्न, साखर व मैदा कमी, एवढ्यावर वर्षभरात सरासरी ५ ते ६ किलो वजन उतरले. वहीचा कंटाळा असणाऱ्यांना ही वाट मोकळी आहे.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मात्र हे हिशेब मांडू नयेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नये. वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती तर ही वही देऊच नये. एखादी मुलगी पोळीचा प्रत्येक तुकडा मोजू लागली, पाळी चुकवू लागली, सर्वांबरोबर जेवायला बसणे टाळू लागली, तर आईने कौतुक न करता तिला लवकर डॉक्टरांकडे न्यावे.