दंड जबर, पहारा विरळ

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 सालचा. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा दंडाच्या आकड्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले होते. अनधिकृत पर्ससीन जाळ्याने मासेमारी केल्यास एक ते सहा लाख रुपये, एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडल्यास पाच ते वीस लाख रुपये दंड! आता समुद्राची लूट थांबेल, असा निर्वाळा पुष्कळांनी देऊन टाकला. त्यानंतर काही वर्षे उलटली, तरी रत्नागिरी, सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या पारंपरिक मच्छीमारांची गाऱ्हाणी तीच आहेत. रात्री समुद्रात दिवे दिसतात, बंदी असलेली जाळी पडतात आणि सकाळी बाजारात लहान मासळीचे ढीग लागतात. एवढा जबर दंड असूनही धाक का वाटू नये?

हा प्रश्न प्रथमदर्शनी पोलिसी वाटतो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांचा विचार नफ्यातोट्याच्या परिभाषेत मांडला. नियम मोडणारा केवळ दंडाची रक्कम पाहत नाही. पकडले जाण्याचा संभव किती, हेही तो मनाशी ताडून पाहतो, आणि या दोहोंचा गुणाकार हीच त्याच्या दृष्टीने दंडाची खरी किंमत असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एलईडीच्या झोतात एका रात्री दोन लाखांची मासळी मिळते आणि अशा पन्नास रात्रींतून एकदाच नौका पकडली जाते, असे समजा. किमान दंड पाच लाखांचा. म्हणजे प्रत्येक रात्रीच्या वाट्याला दहा हजार रुपये आले. दोन लाखांच्या उत्पन्नावर दहा हजार! याला दंड म्हणावयाचे की परवाना शुल्क? मासळीच्या किमतीच्या पाचपट दंड ही आपल्या किनारी कायद्यांच्या परिचयाची मोजणी आहे. तीही तपासून पाहावी. खर्च आणि जप्ती बाजूला ठेवली, तर अशा दंडाचा धाक वाटण्यासाठी पाच फेऱ्यांत निदान एकदा तरी नौका सापडली पाहिजे. सातशे किलोमीटरहून लांब किनारा आणि मोजक्या गस्ती नौका एवढ्या सामग्रीवर ते कसे साधावे?

पाश्चात्त्य देशांत हौसेने गळ टाकून बसणाऱ्याच्या टोपलीत किती मासे असावेत, यालाही अनेक ठिकाणी कायद्याची मर्यादा असते आणि पहारेकरी टोपली उघडावयास लावू शकतो. आपल्याकडे रविवारी खडकवासल्याच्या काठी गळ घेऊन बसलेल्या माणसाच्या टोपलीकडे सहसा कोणी फिरकत नाही. त्याच्यामुळे धरण रिते होणार नाही, हेही खरे. आपल्या सागरी कायद्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. त्या हंगामाच्या आहेत, जाळ्याच्या आहेत आणि अलीकडे माशाच्या लांबीच्याही आहेत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 2016 मध्ये पर्ससीन नौकांची संख्या आणि हंगाम यांवर निर्बंध आले. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटासाठी ते 135 मिलीमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला, हा योगायोग मोठा सूचक म्हणावा लागेल.

किमान लांबीच्या नियमामागचे कारण साधे आहे. माशाला निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी आणि मगच तो जाळ्यात यावा. सातपाटीच्या बाजूला ज्याला कवळी म्हणतात, ते पापलेटाचे पिल्लू पकडणे म्हणजे मुद्दल खाणे होय. व्याजावर जगण्याची शिकवण आपण बँकेच्या पासबुकापुरती राखून ठेवली आहे. मुद्दल खाणाऱ्यांचे काय होते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिले. कित्येक शतके जगाला कॉड मासा पुरविणाऱ्या त्या किनाऱ्यावर 1992 मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. पकडण्याचा संभव कमी असेल तर दंड आणखी वाढवावा. गुणाकार तोच राहील. कागदावर हे बिनचूक आहे. प्रत्यक्षात मात्र दंड जितका मोठा, तितकी तो टाळण्यासाठी खर्च करण्याची तयारी मोठी. वीस लाखांचा दंड आणि काही हजारांची तडजोड यांच्यामध्ये जी दरी पडते, तिच्यातच भ्रष्टाचार घर करतो. शिवाय बड्या नौकामालकाला जी रक्कम धंद्यातला एक खर्च वाटते, तीच लहान होडीवाल्याला देशोधडीला लावते. अशा वेळी नियम लावणारा प्रामाणिक अधिकारीसुद्धा हात आखडता घेतो. अवाढव्य शिक्षा क्वचितच दिली जाते, आणि क्वचित दिल्या जाणाऱ्या शिक्षेला कोणी भीत नाही.

दुसरे टोकही आपण अनुभवले आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यात सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. त्या काळी 200 रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई! पुढे रुपयाची किंमत घसरत गेली आणि कायद्यातला आकडा होता तिथेच राहिला. दंडाची रक्कम ठोक आकड्यात न लिहिता मासळीच्या किमतीच्या पटीत बांधणे त्या दृष्टीने शहाणपणाचे. परंतु पट कितीही ठेवला तरी पहाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहतोच.

पहाऱ्याचा एक जुना नमुना कोकणातच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून बेकरच्या भाषेत बोलायचे, तर देवीच्या नजरेतून काहीच सुटत नाही. पकडले जाण्याचा संभव शंभर टक्के. त्यामुळे दंडाची रक्कम ठरविण्याची गरजच पडली नाही.

सरकारला देवीची नजर लाभणे शक्य नाही. जानेवारी 2025 पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु ड्रोनला दिसते ती नौका. जाळ्यातल्या पापलेटाची लांबी त्याला मोजता येत नाही. ती जागच्या जागी मोजू शकतात शेजारच्या नौकेवरची माणसे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात तुर्कस्तानातील अलान्या या बंदराची हकीकत दिली आहे. तिथल्या मच्छीमारांनी मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटून घेतल्या आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागेवर सरकावयाचे, असे ठरविले. ज्याच्या जागेवर दुसरा घुसेल तो गप्प बसणार नाही, आणि आपल्यावरही उद्या हीच पाळी येईल हे जाणून बाकीचे त्याच्या बाजूने उभे राहतात. पहारेकऱ्याला पगार द्यावा लागत नाही, कारण ज्याचे नुकसान होते तोच पहारा करतो.

आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था जुन्या आहेत, त्यांच्यामार्फत डिझेलवरील कराचा परतावाही मिळतो. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्याने सवलतींची यादी आता वाढेल. नेमकी हीच जागा धाक बसविण्याची आहे. ज्या नौकेने वर्षभरात नियम मोडला, तिचा परतावा काही महिने थांबवावा. पहिल्या वेळी थोडा, दुसऱ्या वेळी अधिक. हा दंड वसूल करण्यासाठी कोणाच्या मागे धावावे लागत नाही, कोर्टात खेटे घालावे लागत नाहीत. नौका समुद्रात कुठेही गेली तरी मासळी उतरविण्यासाठी तिला ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा किंवा दुसऱ्या एखाद्या बंदरावर यावेच लागते. शंभर मैलांच्या गस्तीपेक्षा धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभा असलेला एक माणूस स्वस्त पडतो. 2021 च्या दुरुस्तीने दंड ठरविण्याचे काम तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिले, त्यामुळे निर्णयाला विलंब होण्याचे एक कारणही उरलेले नाही.

यावर डोल जाळ्याने मासे धरणारे लहान मच्छीमार एक रास्त आक्षेप घेतील. त्यांच्या जाळ्यात लहान मासा आपोआप शिरतो. तो निवडून सोडून द्यावा म्हटले तर तोवर तो मेलेला असतो. त्यांच्या बाबतीत टोपलीतल्या माशांऐवजी जाळ्याच्या आसाची तपासणी व्हावी आणि मोठ्या आसाची जाळी घेण्यास प्रथम अर्थसाहाय्य मिळावे. सर्वांना एकच फूटपट्टी लावली तर पहिले बळी हेच लोक ठरतील आणि पर्ससीनचे मालक निर्धास्त राहतील.

हे सारे कोकणचे प्रश्न, घाटावरच्या आपल्याला त्यांचे काय, असे कोथरूडच्या वाचकाने म्हणू नये. गणेश पेठेतल्या बाजारातून किंवा थेट कोकणातून येणारी मासळी आपल्याकडेच खपते. ताटात अख्खे मावते आणि खिशाला परवडते म्हणून तळहाताएवढे पापलेट आपण कौतुकाने घेतो. मागणी आहे तोवर कवळी पकडली जाणारच. दुकानदाराला लांबी विचारण्यास पैसे पडत नाहीत. सरकारकडे मात्र आपण निराळीच माहिती मागितली पाहिजे. वर्षाकाठी किती लाख दंड झाला, हे खाते आनंदाने सांगते. किती नौका बंदरात उतरल्या, त्यांपैकी किती तपासल्या, किती दोषी आढळल्या आणि ठोठावलेल्या दंडापैकी किती प्रत्यक्ष वसूल झाला, हे चार आकडे प्रत्येक बंदराच्या फलकावर दर महिन्याला लागावेत.