आमच्या रोलवर नाही, हे उत्तर यापुढे नको
मिहानमधील कर्मचारी व कंत्राटी कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
विकास आयुक्त, मिहान सेझ, व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, जिल्हाधिकारी, नागपूर, पोलिस आयुक्त, नागपूर शहर, तसेच मिहानमधील सर्व आस्थापनांचे व्यवस्थापन.

विषय : कामाच्या ठिकाणची हिंसा व छळ रोखण्याबाबत.

महोदय,

मिहानमध्ये काम करणारा माणूस हुकूम एकाचा पाळतो, पगार दुसऱ्याकडून घेतो आणि तक्रार घेऊन गेला की त्याला तिसऱ्याचे दार दाखवले जाते. आयटी कंपनीत साफसफाई करणारी बाई ठेकेदाराची, गेटवरचा गार्ड एजन्सीचा, कॅबचालक ट्रॅव्हल्सवाल्याचा, कॅन्टीनमधला वाढपी आणखी कोणाचा. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला. इथे काम करणाऱ्याला निदान दाद मागण्याचे एक ठिकाण असावे, ही अपेक्षा जास्त नाही. पण काही वाईट घडले की पहिले वाक्य ऐकू येते, ‘ती आमच्या रोलवर नाही.’

कायद्याला हे उत्तर मान्य नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ साली झालेल्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, प्रशिक्षणार्थी, सगळ्याच. कामाचे ठिकाण म्हणजे केवळ इमारत नव्हे. मालकाने पुरवलेली गाडीही त्यात येते. म्हणून आमची पहिली मागणी : ज्याच्या आवारात काम चालते त्या कंपनीने ठेक्याच्या करारातच ही जबाबदारी लेखी स्वीकारावी. ठेकेदाराच्या बाईची तक्रार कंपनीच्या समितीने घ्यावी आणि ठेकेदाराने चौकशीला हजर राहावे.

आता समित्यांविषयी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते, आणि ती प्रत्येक कार्यालयात, प्रत्येक शाखेत. मुंबई-पुण्याच्या मुख्यालयातील समितीचा कागद मिहानच्या भिंतीवर लावून हे भागत नाही. नागपुरातील कॅम्पसची स्वतंत्र समिती हवी. तिचा बाहेरचा सदस्य नागपुरात राहणारा, महिलांच्या प्रश्नांवर काम केलेला असावा. कंपनीचाच सल्लागार त्या खुर्चीत बसवू नये. सदस्यांची नावे आणि फोन नंबर मराठी व हिंदीत कॅन्टीनमध्ये, कपडे बदलण्याच्या खोलीत आणि कॅबमध्ये लावावेत. सध्या अशी माहिती बहुधा कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर असते. झाडू घेऊन काम करणाऱ्या बाईकडे कंपनीचा लॉगिन नसतो, हे व्यवस्थापनाला सांगावे लागू नये.

तक्रार का होत नाही, याचे उत्तर गेटपासमध्ये आहे. सेझमध्ये पासशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि कंत्राटी कामगाराचा पास ठेकेदाराच्या हाती. नोकरीवरून काढल्याचे पत्र द्यायची गरजच नाही. पासचे नूतनीकरण केले नाही की झाले. कायद्याने चौकशीला ९० दिवस दिले आहेत. तेवढा काळ आणि त्यानंतरचे तीन महिने तक्रारदाराचा व साक्षीदारांचा पास विकास आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय बंद होऊ नये. आमच्या मते या मागणीपत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे. चौकशीच्या काळात बदली करायची झाली तर ती तक्रारदाराच्या मागणीवरून. गप्प बसवण्यासाठी नव्हे.

खोट्या तक्रारींची भीती बैठकांमधून हमखास पुढे येते. मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी, असे कायदा म्हणत नाही. हा फरक प्रत्येक प्रशिक्षणात सांगितला जावा.

रस्त्याचा प्रश्न वेगळा मांडतो, कारण त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीने लावलेल्या कॅबच्याच चालकाने साथीदारासह अत्याचार करून तिचा खून केला. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत रविवारी कामावर असलेल्या अभियंता तरुणीचा खून झाला, तो इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडून. दोन्ही वेळी धोका आला तो सुरक्षेसाठी म्हणून उभ्या केलेल्या व्यवस्थेतून. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊनंतर महिलेने काम करायचे तर तिची संमती हवी, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवणे हे मालकाचे काम आहे. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. वर्धा रोडच्या चौकात उतरवून देणे नव्हे. कॅबमध्ये पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी महिला एकटी नसावी. चालक व गार्ड यांची पोलिस पडताळणी कामावर घेण्यापूर्वी व्हावी. सुट्टीच्या दिवशी कोणालाही मजल्यावर एकटे बसवू नये. रात्रपाळी सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते. खापरी स्थानकापासून आतल्या रस्त्यांवर दिवे आणि गस्त ही विमानतळ विकास कंपनी व पोलिसांची जबाबदारी आहे. हद्द सोनेगावची की बेलतरोडीची, हा शोध घाबरलेल्या मुलीने घ्यायचा नसतो. जवळच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा.

छळ लैंगिकच असतो असे नाही. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसालच्या महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून झालेल्या छळाचे वर्णन होते. सर्वांसमोर शिवीगाळ, जातीवरून टोमणे, रजा मागितली म्हणून पाणउतारा, ‘रेटिंग बघून घेतो’ अशी धमकी : हे पुरुषांनाही सोसावे लागते आणि २०१३ चा कायदा त्यांच्या कामाचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार कामावर येण्याजाण्याच्या वाटेसह अशा सर्व हिंसेला आणि छळाला लागू होतो. भारताने त्याला मान्यता देण्याची वाट न पाहता प्रत्येक कंपनीने त्या धर्तीवर लेखी आचारसंहिता करावी.

मिहानमधील एम्सच्या परिचारिका, डॉक्टर व मदतनीस यांना हिंसा बाहेरून आलेल्यांकडूनही सहन करावी लागू शकते. तेथे मारहाण झाल्यास फिर्याद संस्थेने स्वतः द्यावी, मार खाल्लेल्या माणसावर ते ओझे टाकू नये.

छोट्या ठेकेदारांकडे समिती नसते, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. गोवा विद्यापीठातील लैंगिक छळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये २०१३ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींवर बोट ठेवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्थानिक समित्यांसाठी मुदती घालून दिल्या. नागपूरच्या समितीने महिन्यातून एक दिवस मिहानच्या सेंट्रल फॅसिलिटी बिल्डिंगमध्ये बसावे. प्रत्येक कंपनीने मिहान कॅम्पसपुरते आकडे (किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांवर रखडल्या) दरवर्षी विकास आयुक्तांना द्यावेत. देशभराच्या बेरजेत नागपूर दिसत नाही.

या मागण्यांवर ३० दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी आणि त्यात कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी असावेत.

मिहानमधील भगिनींना एवढेच सांगणे : लैंगिक छळाच्या तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने आहे, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, मेसेज पुसू नका. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीवर कायद्याने बंधनकारक आहे.