शिगम्यातला हुर्राक
गोव्यात शिगम्याचे ढोल-ताशे घुमू लागतात, तेव्हाच काजूच्या बागांत पिकल्या बोंडूंचा सडा पडलेला असतो. त्यामुळे सणाला घरी एखादं फळाचं मद्यपेय करायचं तर हुर्राकला तोड नाही. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीला लावतात. पहिल्या खेपेला उतरतो तो हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक मात्र सौम्य आणि हंगामापुरताच, मे सरला की संपला. उंच पेल्यात बर्फ घ्या, अर्धं लिंबू पिळा, चिमूटभर मीठ टाका आणि हिरवी मिरची उभी चिरून सोडा. मिरची वगळू नका, बोंडूचा तो उग्र, गोडसर वास तिच्यामुळेच खुलतो. मग एक भाग हुर्राक, दोन भाग लिम्का. ढवळायचं अगदी हलक्या हातानं, नाहीतर फेस बसतो. न पिणाऱ्यांसाठी कोकमाचं आगळ, सोडा आणि तीच मिरची. हुर्राक सरबतासारखा सहज घशाखाली उतरतो, म्हणून सोबत जेवण ठेवा आणि प्यायल्यावर गाडीची किल्ली हातात घेऊ नका.