विश्लेषण : तेलविहीर जितकी खोल, तितके तेल जास्त? ‘मुंबई हाय’चा अनुभव काय सांगतो?

जुहू विमानतळावरून उडणारी हेलिकॉप्टर अंधेरी-विलेपार्लेकरांच्या रोजच्या ओळखीची आहेत. त्यांतली अनेक ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर नेतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या ‘मुंबई हाय’चे घटलेले उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदतीसाठी निवड केली. उत्पादन घटलेच आहे, तर सरळ आणखी खोल का खणत नाहीत?

खोलीने काय बदलते?

मुंबई हायमध्ये समुद्र जेमतेम ७५ मीटर खोल आहे. मुख्य तेलसाठा मात्र सुमारे १,३०० ते १,४०० मीटरवरच्या चुनखडकात आहे. तेल तिथे तळ्यासारखे साचलेले नसते, खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. खाली जावे तसा दाब वाढतो, तापमानही किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी चढते. गरम तेल पातळ होते आणि दाब त्याला विहिरीकडे ढकलतो. इथवर खोली फायद्याची. पण वरच्या थरांच्या ओझ्याने खडकही दबतो, छिद्रे आकसतात आणि तेलाची वाट अरुंद होते.

म्हणून विहिरीतून रोज किती तेल येईल, हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : खडकातली वाट किती मोकळी, थर किती जाड, साठा आणि विहिरीचा तळ यांच्यातल्या दाबात फरक किती आणि तेल किती दाट. खोली या गणितात थेट येत नाही, ती मागून या चौघांवर परिणाम करते. कॅनडातल्या अथाबास्का भागात तेल काही ठिकाणी इतके उथळ आहे, की माती खणून काढतात. पण ते डांबरासारखे घट्ट असल्याने आपणहून वाहतच नाही. सौदी अरेबियाच्या घवारमध्ये साधारण दोन किलोमीटरवरचा मोकळा चुनखडक वर्षानुवर्षे भरघोस तेल देतो.

मग मुंबई हायमध्ये काय झाले?

‘सागर सम्राट’ रिगने १९७४ मध्ये हे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८९च्या सुमारास ते दिवसाला चार लाख पिंपांच्या आसपास होते. साठ्याची खोली तेव्हाही हीच होती. कमी झाला तो दाब. तो टिकवण्यासाठी साठ्यात पाणी सोडले जाते, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे. हा चुनखडक एकसंध नाही, त्यात शेलचे पातळ पदर आहेत. पाणी मोकळ्या थरांतून पळत थेट विहिरीत येते, घट्ट थरांतले तेल मागे राहते. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे विहिरीतला स्तंभही जड होतो. तो हलका करण्यासाठी खालून वायू सोडावा लागतो. म्हणूनच इथे जुन्या विहिरींना आडव्या फांद्या काढून त्या राहून गेलेल्या थरांत नेल्या जातात.

बीपीने दहा वर्षांत तेल आणि वायू मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढ शक्य असल्याचे सांगितले आहे. ही वाढ मोजायची ती मूळ अंदाजित उत्पादनाशी, १९८९च्या उच्चांकाशी नव्हे. क्षेत्राची मालकी आणि चालवण्याची जबाबदारी ओएनजीसीकडेच आहे.